आम्हाला कुणी विचारलं?

"पाच टक्के दिव्यांगांसाठी, दहा टक्के महिला-बालकांसाठी, पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी. एवढं सगळं कागदावर आहे, तर गावात दिसत का नाही?" सांगली जिल्ह्यात सुमारे सातशे ग्रामपंचायती आहेत. हा प्रश्न पारावर, चहाच्या टपरीवर, कधी थेट ग्रामसभेत निघतो. पाठोपाठ दुसरा येतो, जरा कडवट आवाजात: "आणि हे खर्च ठरवताना आम्हाला कुणी विचारलं?"

लोक हे दोन वेगळे प्रश्न समजतात. मला पहिल्याचं उत्तर बरंचसं दुसऱ्यात दिसतं. पण तिथवर जायचं तर आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल: समानतेचं कर्तव्य म्हणजे काय, आणि ते कुणाच्या डोक्यावर असतं?

१. मागितलं तर देणं, न मागता बघणं

लग्नाच्या पंगतीत दोन प्रकारचे वाढपी असतात. एक जण भाताचं घमेलं घेऊन मधोमध उभा राहतो. ज्याला हवा त्याने हाक मारावी. दुसरा पंगतीच्या टोकापर्यंत चालत जातो, पानं बघतो, लाजून गप्प बसलेल्या पाहुण्यालाही वाढतो. भात दोघांकडेही आहे, आणि पहिल्यावर "मला दिला नाही" असा आरोपही करता येत नाही. तरी शेवटच्या पानावरचा माणूस कुणाच्या हातून जेवतो, हे सांगायला नको.

हक्क हा पहिल्या वाढप्यासारखा चालतो. माझ्यावर अन्याय झाला, मी तक्रार केली, कोर्टात गेलो, मग दाद मिळाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि १५ मधला समानतेचा हक्क असाच वापरला जातो. कर्तव्याची रीत दुसरी. तिथे कार्यालयाने तक्रारीची वाट बघायची नसते. आधीच बघायचं, मोजायचं, तजवीज करायची.

सांगलीकरांना हा फरक पुरावरून पटकन कळेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी पहिल्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेला एक माणूस आहे असं समजा. त्याने फोन केला, फोन लागला, बोट मोकळी असली, तर त्याची सुटका होईल. हा झाला हक्क. पण 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' याचं कलम ८ वेगळंच सांगतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद आधीपासून ठेवावी आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करावी. म्हणजे तो माणूस कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर राहतो, हे मे महिन्यातच माहीत असायला हवं. हे झालं कर्तव्य.

याच कायद्यात अशी बरीच कर्तव्यं आहेत. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं. सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हायला हवी. मतदान केंद्रं दिव्यांगांना पोचता येतील अशी असायला हवीत. आणि नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती त्यांना वापरता येतील अशा करायच्या. नियम जून २०१७ चे आहेत, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. आपल्या तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या मनात आणून वाचकाने स्वतःच निकाल लावावा.

२. पंचायतीचा हिशेब

आता त्या टक्केवारीकडे येऊ. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. दिव्यांगांचा वाटा पूर्वी ३ टक्के होता. २०१६ च्या कायद्यानंतर तो ५ झाला. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजारकर, गाळ्यांचं भाडं वगैरे. वित्त आयोगाचे पैसे यात धरत नाहीत.

समजा, एका पंचायतीत वर्षाला १२ लाख रुपये असे जमले. मागासवर्गीयांसाठी १ लाख ८० हजार, महिला-बालकांसाठी १ लाख २० हजार आणि दिव्यांगांसाठी ६० हजार. एकूण ३ लाख ६० हजार. इथवर गणित चौथीचं आहे.

पुढचं अवघड आहे. गावात नोंदवलेले दिव्यांग वीस आहेत. साठ हजार भागिले वीस, माणशी तीन हजार. खात्यावर जमा केले, यादी फलकावर लावली, लेखापरीक्षणात शंका नाही. खूप ठिकाणी हेच होतं, आणि त्यात बेकायदा काही नाही. फक्त त्या वीस जणांना काय हवं होतं, हे कुणाला कळत नाही. कुणाला पंचायतीच्या दारात उतार (रॅम्प) हवा होता, म्हणजे घरपट्टी भरायला दुसऱ्याच्या पाठीवर बसून यावं लागलं नसतं. कुणाला घरापासून रस्त्यापर्यंतचा चिखलाचा तुकडा काँक्रीटचा करून हवा होता. एखाद्या मतिमंद मुलाच्या आईला तालुक्याच्या शाळेत ने-आण करायची गाडी हवी होती, आणि तिच्यासारख्या तिघी होत्या. तीन हजारांत यातलं काही होत नाही. साठ हजारांत यातली एखादी गोष्ट झाली असती.

सरसकट वाटप कार्यालयाला सोयीचं पडतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. कर्तव्य टक्क्यांत लिहिलं की ते खर्च होतं. ते पार पडलं की नाही, हे मात्र खर्चाच्या रकान्यात दिसत नाही.

३. कोल्हापूरचे दोन हुकूम

समानता हे कार्यालयाचं कर्तव्य आहे ही कल्पना परदेशातून आली असं कुणी म्हणेल, म्हणून जरा मागे जाऊ. २६ जुलै १९०२ चा राजर्षी शाहू महाराजांचा हुकूम आपल्याला आरक्षणाचा हुकूम म्हणून माहीत आहे. कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागास वर्गांतल्या उमेदवारांनी भराव्यात, असा तो. त्याच्या शेवटाकडे एक कोरडं वाक्य आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. हुकूम निघाल्यानंतर झालेल्या नेमणुकांचं विवरणपत्र सर्व खातेप्रमुखांनी दर तिमाहीला सादर करावं, असं त्यात सांगितलं आहे. माझ्या मते हुकमाचा कणा तिथे आहे. राजाला नुसती टक्केवारी जाहीर करून थांबायचं नव्हतं. दर तीन महिन्यांनी कागद टेबलावर हवा होता.

१९१९ चा दुसरा हुकूम आणखी पुढे जातो. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, नदीचे पाणवठे, विहिरी इथे अस्पृश्यता पाळू नये असं सांगताना त्यात मिरजेच्या मिशन इस्पितळातल्या डॉ. व्हेल यांचा दाखला येतो: ते जसं सगळ्यांना सारखं वागवतात, तसं इथेही व्हावं. आणि तसं झालं नाही तर जबाबदार कोण? गावचे पाटील आणि तलाठी. नाव घेऊन, पदानिशी.

मिरज आणि सांगली तेव्हा पटवर्धनांची वेगळी संस्थानं होती. तासगाव, वाळवा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होते. आजचा जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून जन्माला आला आणि १९६० मध्ये सांगली झाला. म्हणजे कोल्हापूरचे हुकूम इथे लागू नव्हते. फक्त त्यातला चांगल्या वागणुकीचा नमुना इथला होता.

इंग्रजांच्या मुलखात काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तसा ठरावही केला. तिथलं चवदार तळं मात्र ठरावाने खुलं झालं नाही. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं ऐकत नाहीत त्यांचं अनुदान रोखावं, असा आणखी एक ठराव बोल्यांनी १९२६ मध्ये मांडला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्यावर पाणी प्यायलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

कोल्हापुरात पाटील-तलाठ्याला धरलं होतं. महाडात ठरावाला कुणी वालीच नव्हता. पण आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांना बसवून विचारण्याची सोय कुठल्याच हुकमात नव्हती. चांगला राजा असेल तर तिच्यावाचून निभतं. सरपंच पाच वर्षांनी बदलतो.

४. लंडनमधला खून आणि एका निधीचा वाद

आता परदेशाकडे, कारण 'विचारणं' हा भाग तिकडच्या न्यायालयांनी बारकाईने तासून काढला आहे. एप्रिल १९९३ मध्ये दक्षिण-पूर्व लंडनमध्ये बसथांब्यावर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या पोरांच्या टोळक्याने खून केला. पोलिसांनी तपासाची माती केली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने दोष फक्त एखाद्या शिपायावर ठेवला नाही, पोलीस दलाच्या एकूण रीतीवर ठेवला. त्यातून २००० साली कायदा बदलला, आणि पुढे 'समानता कायदा २०१०' याचं कलम १४९ आलं. ते ५ एप्रिल २०११ पासून लागू आहे. प्रत्येक सरकारी संस्थेने निर्णय घेताना भेदभाव दूर करणं, संधी वाढवणं आणि समाजगटांत सलोखा राखणं या तिन्ही गोष्टींचा नीट विचार केला पाहिजे, असं ते सांगतं.

विचार केला पाहिजे, एवढंच. याची ताकद आणि मर्यादा एकाच खटल्यात दिसते. तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी राहून जगता यावं म्हणून असलेला एक निधी ब्रिटिश सरकारने बंद करायचं ठरवलं. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय रद्द केला: मंत्र्यापुढे आलेल्या कागदांत लोकांवर होणारा परिणाम नीट मांडलेलाच नव्हता. मग मंत्र्यांनी नव्याने, या वेळी नीट विचार करून, पुन्हा तोच निर्णय घेतला. तो न्यायालयात टिकला आणि जून २०१५ अखेर निधी बंद झाला. वाचकाला हे वाचून चीड येईल, आणि ती योग्य आहे. विचार करायला लावणारा कायदा पैसे देत नाही. तो फक्त डोळे मिटून निर्णय घ्यायची मुभा काढून घेतो.

५. मसुदा म्हणजे कायदा नव्हे

आपल्याकडे विचारण्याची जी सरकारी रीत आहे ती पेपरातल्या बारीक अक्षरांत भेटते: "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत." काही कायद्यांत अट असते की नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करायचा, ठरावीक तारखेपर्यंत आलेल्या हरकती विचारात घ्यायच्या, मगच अंतिम नियम काढायचा. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. केंद्राचा त्याबाबतचा कायदा १८९७ चा आणि आपल्या राज्याचा १९०४ चा. केंद्र सरकारने २०१४ मध्ये धोरण म्हणून असंही ठरवलं की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. ते धोरण आहे, सक्ती नाही.

अलीकडचं सगळ्यांच्या आठवणीतलं उदाहरण मराठा आरक्षण आंदोलनातल्या 'सगेसोयरे'चं. २६ जानेवारी २०२४ ला सामाजिक न्याय विभागाने जात प्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढला आणि १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या. वाशीत गुलाल उधळला गेला, तेव्हा हातात होता तो मसुदा. कायदा झाला म्हणून आनंद करणारे आणि कायदा झाला म्हणून संतापणारे, दोघांनाही तो अंतिम वाटला. पुढे दोन्ही बाजूंनी लाखो हरकती-सूचना दाखल झाल्या. मागणी बरोबर की चूक, हा या प्रकरणाचा विषय नाही. इतक्या मोठ्या प्रश्नावर तीन आठवडे, आणि आलेल्या गठ्ठ्यांचं पुढे काय होतं हे हरकतदाराला कळायची सोय नाही, हा आहे.

दुसरं उदाहरण कमी गाजलं, पण आपल्या विषयाच्या अगदी जवळचं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात दिव्यांग हक्क नियमांतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण साधं होतं. कायदा 'केलंच पाहिजे' म्हणत होता. नियम मात्र नुसत्या शिफारशींची यादी देत होता. न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे निकष वेगळे काढायला सांगितलं, आणि ते संबंधित सगळ्यांशी सल्लामसलत करून काढा, असंही.

६. चार कसोट्या घेऊन ग्रामसभेत

विचारलं, म्हणजे खरोखर विचारलं का, हे ओळखायचं कसं? लंडनच्या ब्रेंट भागातल्या शाळा बंद करण्यावरून १९८५ मध्ये खटला झाला, त्यात वकिलांनी चार कसोट्या मांडल्या. त्या आजही तिकडे वापरतात. २०१४ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केलं. आपण त्या सांगली जिल्ह्यातल्या ग्रामसभेला लावून बघू.

पहिली: निर्णय कच्चा असतानाच विचारलं का? आपल्याकडे प्रोसिडिंग बुक पाहिलं की याचं उत्तर मिळतं. ठराव, सूचक, अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर", सगळं एकाच शाईत, एका दमात लिहिलेलं. सभेत झालेल्या वादाचं एक अक्षर नाही. काही ठिकाणी सह्या आधी, मजकूर नंतर. जिथे चर्चा खरी झाली असेल तिथे नोंदी ओबडधोबड असतात: अमक्याने विचारलं, तमक्याने उत्तर दिलं, विषय पुढच्या सभेवर. खाडाखोड असलेलं प्रोसिडिंग दिसलं की मला बरं वाटतं.

दुसरी: माहिती पुरेशी दिली का? नोटिशीत विषय असतो, "दिव्यांग निधी खर्चास मंजुरी देणे." किती जमले, मागच्या वर्षीचे किती उरले, पर्याय कोणते, काही नाही. वर दिलेली १२ लाखांची आकडेमोड तीन ओळींत नोटिशीवर लिहिता येते. आणि "आयत्या वेळचे विषय" हा तर खास मराठी सभाशास्त्राचा शोध. लोक चप्पल घालायला लागतात तेव्हा महत्त्वाचा विषय निघतो.

तिसरी: वेळ दिला का? ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. कागदावर ती निघते. पण वेळ म्हणजे केवळ दिवस नव्हे, कुठले दिवस हेही आलं. ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी. जत आणि आटपाडीतली ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयते बांधून निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. २६ जानेवारीला ती कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर पालात असतात. पुढच्या वर्षाचा आराखडा आणि अंदाजपत्रक याच सुमारास ठरतं, म्हणजे गावातल्या सगळ्यात गरीब घरांची गैरहजेरी कॅलेंडरनेच पक्की केलेली असते. दुसरीकडे खानापूर-आटपाडीचे गलाईवाले देशभर सोन्या-चांदीच्या आटणीत असतात. पण त्यांच्यासाठी गाव यात्रेच्या तारखा सांभाळतं, मंडपात सत्कार होतो, गावच्या कामांवर त्यांचं मतही विचारलं जातं. दोघंही बाहेरगावी. एकाच्या सवडीने गाव चालतं, दुसऱ्याच्या नाही. मग ऊसतोडवाल्यांसाठी एक विशेष सभा सप्टेंबरात घ्यायला काय हरकत आहे? कायद्याची तर नाही.

चौथी: आलेलं म्हणणं मनावर घेतलं का? मान्य करा असं कुणी म्हणत नाही. नाकारलं तर कारण लिहा, एवढंच. "सूचनेची नोंद घेतली" हे सरकारी मराठीतलं सगळ्यात पोकळ वाक्य आहे.

या चारांत आणखी एक प्रश्न मी घालीन: विचारलेलं पोचलं का? नोटीस फलकावर चिकटवली, ती अंध माणसाला दिसत नाही. दवंडी दिली, ती बहिऱ्याला ऐकू येत नाही. व्हॉट्सॲपवर टाकली, ती साध्या फोनवाल्या म्हातारीकडे जात नाही. सभा समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस खालीच थांबतो आणि वर त्याच्याच निधीचा ठराव होतो. जतच्या पूर्व भागात घराघरांत कन्नड बोलतात, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही तिथे आहेत, पण नोटीस मराठीत असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. तिथल्या बाईने कन्नडमध्ये अर्ज दिला तर तो परत करता येत नाही.

बायकांसाठी कायद्याने एक वेगळी पायरी ठेवली आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा करतानाही महिला, बालकं आणि वंचित घटकांच्या वेगळ्या सभा घ्यायला सांगितलं आहे. जिथे ही सभा आदल्या दिवशी, अंगणवाडीत, पुरुषांशिवाय होते तिथे पाण्याची वेळ, संडासाचा दिवा, रेशनच्या दुकानाची रांग असे विषय निघतात. जिथे ती ग्रामसभेच्या आधी अर्धा तास त्याच हॉलमध्ये होते तिथे फक्त सह्या निघतात.

आणि कोरम? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. तो झाला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. अनेक गावांत पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावतात की काय, असं वाटावं इतकी ही सोय अंगवळणी पडली आहे. नियम करणाऱ्याला कामं अडू नयेत असं वाटलं असणार. गाव त्याच्यापेक्षा हुशार निघालं.

७. येरळेकाठचा वाटा

विचारलं तर लोक नुसते भांडतील, निर्णय होणार नाही, अशी अधिकाऱ्यांची एक ठाम समजूत असते. तिला उत्तर खानापूर तालुक्यात आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परत आलेले कामगार आणि दुष्काळात होरपळलेले शेतकरी यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर स्वतःचं धरण बांधायला घेतलं. पैसा उभा केला तो नदीतली थोडी वाळू विकून, अभियंता के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांनी तांत्रिक बाजू सांभाळली. त्याचं नाव बळीराजा स्मृती धरण.

धरणापेक्षा पाणी वाटायची रीत महत्त्वाची. सरकारी कालव्यावर पाणी जमिनीच्या मागे जातं: ज्याची वीस एकर, त्याला जास्त, ज्याची जमीनच नाही, त्याला काहीच नाही. इथे ठरलं की पाणी कुटुंबामागे, सगळ्यांना सारखं, भूमिहीनालाही. समजा शंभर माप पाणी आहे आणि दहा कुटुंबं. जमिनीप्रमाणे वाटलं तर दोन मोठ्या बागायतदारांकडे साठ जातील आणि दोन भूमिहीनांकडे शून्य. कुटुंबाप्रमाणे वाटलं तर प्रत्येकाला दहा. भूमिहीन आपले दहा माप दुसऱ्याच्या रानात वाट्याने वापरू शकतो. हे आकडे समजण्यापुरते, पण तत्त्व तेच. मोठ्या जमीनवाल्यांना हे गोड लागलं नसणारच. तरी ते ठरलं, कारण धरण बांधायच्या आधीच ठरलं, आणि ज्यांना शून्य मिळणार होतं ते बैठकीत बसलेले होते.

पुढे डॉ. भारत पाटणकर, नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख यांच्या पाणी परिषदांतून हीच मागणी आटपाडी-सांगोल्याच्या दुष्काळी पट्ट्यात गेली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटप हे सरकारी संस्थेचं काम म्हणून आलं. आधी गावात ठरलेलं नंतर कायद्यात गेलं, हा प्रवास आपल्याकडे क्वचित होतो.

८. हरकत लिहायची कशी

हरकतीला वकील लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. लागतात चार गोष्टी: कशावर हरकत, काय चूक, कुणाला फटका, आणि त्याऐवजी काय करा. शेवटची बहुतेक जण विसरतात, आणि मग अर्ज नुसत्या रागाचा होतो. नमुना बघा:

"दि. … च्या ग्रामसभेतील विषय क्र. ४, दिव्यांग निधी. चालू वर्षाची स्वउत्पन्नाची जमा रक्कम व मागील अखर्चित शिल्लक नोटिशीत दिलेली नाही, ती द्यावी. रक्कम माणशी वाटण्यापूर्वी नोंदणीकृत दिव्यांगांची स्वतंत्र बैठक तळमजल्यावर घ्यावी. पंचायत कार्यालयास उतार (रॅम्प) व कठडा करण्याचा पर्याय सभेपुढे ठेवावा. सूचना अमान्य झाल्यास कारण प्रोसिडिंगमध्ये नमूद करावे."

साठ शब्दांच्या आत बसतं. खाली पाच-दहा जणांच्या सह्या किंवा अंगठे असले तर उत्तम. एकट्याचा असला तरी चालतो. अर्ज सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्यायचा, कारण सभेत बोललेलं लिहिलं जाईलच असं नाही. सभेनंतर प्रोसिडिंगची नक्कल मागायची. मिळाली नाही तर माहिती अधिकारात, तिथे तीस दिवसांची मुदत आहे. नकलेत आपल्या सूचनेचं काहीच नसेल तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे. दिव्यांगांच्या बाबतीत आधी त्या कार्यालयाचा तक्रार निवारण अधिकारी, तिथे समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि त्यापुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. दर वेळी अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यायची, आणि तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय दारातून हलायचं नाही. "साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा" असं सांगतील. आवक-जावक नोंदवही साहेब बाहेर घेऊन जात नाहीत.